सुई-दोरा

माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईची यात्रा असते. कोथळी-मुक्ताईनगरला आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला खान्देशातून, विदर्भातून, पार मध्य प्रदेशातून लोक पायी येतात. यंदा यावल तालुक्यातल्या एका लहानशा दिंडीबरोबर मीही चाललो. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे वारी म्हणजे आषाढी. या माघवारीचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं ते खडकवासल्याला, एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, बापूच्या तोंडून.

बापू हे त्याचं घरचं नाव. अकॅडमीत सगळे आडनावानंच ओळखले जातात, त्यामुळे हे नाव मला कळलं ते त्याच्या आईच्या पत्रावरून. तीन वर्षं आम्ही एका स्क्वाड्रनमध्ये होतो, शेवटचं वर्ष तर शेजारच्या खोल्यांत. तापीत पोहायला शिकलेला हा मुलगा मला संध्याकाळी तरणतलावावर न्यायचा आणि पाण्यात ढकलण्याआधी म्हणायचा, "घाबरू नको, मी आहे ना." पासिंग आउट परेडला अंतिम पग, म्हणजे कॅडेट म्हणून शेवटचं पाऊल, ओलांडल्यावर त्यानं माझ्याकडून वचन घेतलं, की एकदा माझ्यासोबत मुक्ताईला चालायचं. मी म्हणालो, पुढच्या सुट्टीत. पुढे डेहराडूनचं लष्करी प्रशिक्षण झालं, वेगवेगळ्या पलटणी मिळाल्या, आणि पंचविसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं चार महिन्यांत तो गेला. त्याला अठरा वर्षं झाली.

बापू लढाईत गेला नाही. अकॅडमीत हट ऑफ रिमेंबरन्स आहे. रणांगणावर पडलेल्या माजी कॅडेटांची नावं तिथे आहेत आणि तिथून जाताना आमचा आवाज आपोआप खाली यायचा. बापूचं नाव तिथे नाही, आणि ते योग्यच आहे. पण गावात चौकाला त्याचं नाव नाही, शाळेत फोटो नाही. वर्दी अंगावर असताना आजारानं गेलेल्या पोराची आठवण कुठे ठेवायची, हे मला कधी कळलं नाही. मी ती मनाच्या तळाशी ठेवली आणि त्याच्या गावाकडे फिरकलो नाही. हे मी चुकलो.

दिंडीच्या वहीत नाव घालताना चालकांनी विचारलं, "पाव्हणे कोणाकडचे?" मी तोंड उघडायच्या आत बापूची माय बोलली, "माह्याकडचा हाये. बापूच्या संगचा. लिव्हा."

माय सत्तरीची असेल. पायात रबरी चप्पल, डोक्यावर तुळस, काखेत कापडी पिशवी. पहिल्या दिवशी केळीच्या बागांमधून चालत आम्ही तापीचा पूल ओलांडला. विणेकरी पुढे, मागे टाळकरी, आणि मृदंगाच्या ठेक्यावर आपलं पाऊल आपणच पडत राहतं. परेडच्या मैदानावर ढोलाच्या ठोक्यावर डावा पाय टाकायची मला सवय, त्यामुळे मी चुकून कदम मिळवायला लागायचो. पुलावर माय थांबली, पाण्याकडे बघून हात जोडले आणि काही न बोलता पुढे निघाली. भुसावळचा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या किती तरी वेळ डोळ्यांसमोर राहिल्या. माघातलं ऊन म्हणे कोवळं, पण खान्देशात ते दहा वाजताच तापतं.

चालता चालता मी तिला मनातलं सांगून टाकलं, की त्याला फार कमी आयुष्य मिळालं माय. ती चालत राहिली. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "चांगदेव चौदाशे वरसं जगला म्हंतात. आन् गुरू कोन केला त्यानं? मुक्ताई. पोरच होती ती." मुक्ताबाई 1297 साली इथेच तापीकाठी, मेहूणला, विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या असं परंपरा सांगते. वय अवघं अठरा. "मंग मी वरसं कायले मोजू?" माय म्हणाली आणि पुन्हा टाळ वाजवायला लागली.

वरणगावला पोचेपर्यंत माझी डावी टाच पेटली होती. नवे बूट घालून आलो होतो. फौजेत इतकी वर्षं काढून ही चूक! मुक्कामाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. पंगतीतून उठताना मी लंगडलो ते मायनं पाहिलं.

"पायाले फोड आला आन् बोलत नाही? आन इकडे."

तिनं पिशवीतून सुई काढली, दिव्याच्या ज्योतीवर धरली. पांढरा दोरा हळद-तेलात भिजवला, सुईत ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. सुई सोडवून घेतली, दोरा तसाच आत ठेवला, दोन्ही टोकं बोटभर बाहेर. पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबानं उतरायला लागलं.

"साल काढू नको. दोऱ्याच्या वाटेनं पानी जाईल."

माझ्या घशाशी आवंढा आला. हेच शब्द मी अकॅडमीच्या सराव-शिबिरात, कॅम्प टोरण्यात ऐकले होते. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, रात्रभराची चाल, आणि एका बांधावर मी बसकण मारलेली. बापूनं दातात टॉर्च धरला, माझा बूट काढला, टोपीत खोचलेली सुई घेतली आणि अगदी असाच दोरा ओवला. मी इतकी वर्षं समजत होतो की हे त्याला कुणा उस्तादानं शिकवलं असेल. पुढे मीही माझ्या जवानांना ते 'फौजी इलाज' म्हणून शिकवलं.

त्या रात्री मला तिला हे सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ताईनगर. लांबच लांब रांग, दर्शन क्षणभराचं, पण मायनं पायरीवर कपाळ टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. रात्री हरिपाठानंतर माणसं आडवी झाली, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि टोरण्याची ती रात्र सगळी सांगितली. टॉर्च, बांध, टोपीतली सुई, साल काढू नको म्हणालेला तो.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "कोन्ता पाय?"

"डावाच."

तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला, दोऱ्याची टोकं चाचपून पाहिली.

"दुखलं होतं का रे तुले तवा?"

"नाही माय. त्याचा हात हलका होता."