घोडीचंच औषध का?

“गाईला माजावर आणायचं, मग औषध घोडीचं का? गाईचं हार्मोन नाही का चालत?” गोठ्यात आणि वर्गात हा प्रश्न मला कायम विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

गाईला माजावर आणायला वापरतात ती बाटलीतली पांढरी पूड म्हणजे पीएमएसजी, गाभण घोडीच्या रक्तातून काढलेलं हार्मोन. गाभणपणाच्या साधारण 40व्या दिवसापासून 120व्या दिवसापर्यंत ते तिच्या रक्तात सापडतं. कोल आणि हार्ट या संशोधकांनी 1930 साली कॅलिफोर्नियात ते दाखवून दिलं. आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. घोडीची पिच्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाची ग्रंथी, एलएच नावाचं बीज सुटायला लावणारं हार्मोन बनवते. त्याचं प्रोटीन आणि पीएमएसजीचं प्रोटीन तंतोतंत एकच आहे. जनुकंही तीच. फरक आहे तो प्रोटीनला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्यांत. पिच्युटरीतल्या एलएचच्या साखळ्यांच्या टोकांना सल्फेट लागतो. यकृताच्या पेशी हा सल्फेट ओळखतात आणि एलएच रक्तातून झटपट उचलून घेतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बेन्झिगर या शास्त्रज्ञांच्या गटाने हे उलगडलं. पीएमएसजीच्या टोकांना सायलिक अ‍ॅसिड असतं, ते यकृताच्या या पकडीत येत नाही. शिवाय त्याच्या वजनाचा जवळजवळ 45 टक्के भाग साखरेचाच.

एलएच इतक्या लवकर काढून टाकण्यात शरीराचा तोटा नाही. ते पिच्युटरीतून झटक्याझटक्याने सुटतं. आधीचं ओसरलं तरच पुढचा झटका बीजाशयाला कळतो.

पीएमएसजीऐवजी एफएसएच, म्हणजे फॉलिकल (बीज वाढतं ती पाण्याची पिशवी) वाढवणारं पिच्युटरीचं हार्मोन, वापरता येतं, भ्रूण प्रत्यारोपणासाठी मी तेच वापरते. तेही गाईचं नसतं, बहुतेक डुकरांच्या पिच्युटरीतून काढलेलं असतं. पण ते रक्तात निम्मं व्हायला पाचेक तास पुरतात, म्हणून चार दिवस सकाळ-संध्याकाळ, डोस उतरवत टोचावं लागतं. जनावर आठ वेळा खोड्यात घ्यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पीएमएसजी एकदाच टोचलं की भागतं. मात्र ते गाईच्या रक्तात दहा दिवसांपर्यंत रेंगाळतं. रेतनानंतर सातव्या दिवशी भ्रूण काढायच्या आधी सोनोग्राफी केली, तर पीतपिंडांच्या (फॉलिकल फुटल्यावर तिथे तयार होणाऱ्या गाठींच्या) शेजारी न फुटलेले मोठे, काळे गोल फॉलिकल दिसतात. त्यांच्यातून इस्ट्रोजेन सुटत राहतं आणि भ्रूणांची प्रत घसरते. माजावर न येणाऱ्या गाईसाठी मात्र, योनीत ठेवलेलं प्रोजेस्टेरॉन हार्मोनचं साधन काढताना दिलेले 400 युनिट पीएमएसजी मला योग्य वाटतात.

साखर फक्त टिकण्यापुरती असते, असंही समजू नका. या हार्मोनांच्या प्रोटीनच्या ‘अल्फा’ नावाच्या भागावरच्या एका ठरावीक जागेची साखर काढली, तर हार्मोन पेशीवरच्या ग्राहकाला (त्याला पकडणाऱ्या रेणूला) चिकटतं, पण पेशीला संदेश नीट पोचत नाही. म्हणूनच ही हार्मोनं जिवाणूंकडून बनवून घेता येत नाहीत, जिवाणूंना अशा साखरेच्या साखळ्या जोडता येत नाहीत. त्यासाठी सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवाव्या लागतात. अर्जेंटिनात त्या मार्गाने पीएमएसजी बनवलं गेलंय, घोडीच्या रक्ताशिवाय. गाभण घोड्यांचं रक्त काढणं लवकरात लवकर थांबावं असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे ते इथल्या गोठ्यांपर्यंत कधी पोचतं याकडे माझं लक्ष आहे.

तोवर डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. जास्तीचं पीएमएसजी परत काढून घेता येत नाही, आणि जुळं राहिलं, त्यात एक खोंड असला, तर सोबतची कालवड बहुतेक वेळा वांझ निघते.