म्हातारबाचा ताप १०१ वरून ७८ वर, आणि अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

काल रात्री पावणेबाराला म्हातारबाचा, म्हणजे माझ्या जुन्या लॅपटॉपचा, ताप उतरला. सेन्सर्समध्ये (तापमान दाखवणारी कमांड) ७८ अंश दिसलं तेव्हा मी टेबलावर अशी थाप मारली की आतल्या खोलीत झोपलेली आई उठून आली. "परत उघडलंस का ते?" हो, परत. सातव्यांदा.

जानेवारीतली, लॅपटॉप साफ केल्याची मागची नोंद आठवत असेल. फार थाटात लिहिली होती. पंखा आणि फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) यांच्यामध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा धुळीचा थर बसला होता, तो चिमट्याने अख्खाच्या अख्खा निघाला. चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, एमएक्स-४ ही नवी पेस्ट लावली, ग्राफिक्सच्या मेमरीवरच्या चुरा झालेल्या पॅड (उष्णता नेणाऱ्या मऊ गाद्या) काढून नव्या टाकल्या. काम फत्ते, असं लिहून मोकळा झालो. मग झाकण लावून स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरवर मुद्दाम ताण देणारा प्रोग्राम) चालवलं, तर दुसऱ्याच सेकंदाला ९२ आणि दहाव्याला १०१. त्याच्या आय५-३३२०एम प्रोसेसरची मर्यादा १०५ आहे. साफसफाईच्या आधी हाच गडी ९४ वर जायला दीड मिनिट घ्यायचा! म्हणजे मी साफ करून त्याला जास्त आजारी पाडलं. पंखा मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवर बोंबलतोय ते वेगळंच.

आणि इथे मी सरळ चुकलो. आवाज पंख्याचा, म्हणून दोषही पंख्याचाच धरला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. आधी स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बेअरिंगला दिला. घरघर थोडी कमी झाली, तापमान जागच्या जागी. मग ऑनलाइन नवा पंखा मागवला. कनेक्टर तोच, चार वायरी त्याच, पण त्यांचा क्रम वेगळा. टॅकोची (पंख्याचा वेग कळवणारी) वायर भलत्याच पिनवर, त्यामुळे सुरू करताच पंख्याची एरर आणि मशीन बंद. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "फिट होतो ना सर?" फिट होतो हो. सुईने पिना काढून जुन्या पंख्याच्या क्रमाने बसवल्या, मग चालला. नवा पंखा, १०१ अंश. कपाळ.

खरी खूण हाताला लागली, स्क्रीनवर नाही. वायर सावरताना पंजा बाहेर जाणाऱ्या हवेसमोर आला, तर हवा कोमट. आत १०१ आणि बाहेर कोमट? म्हणजे उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाही. पंखा बिचारा रिकाम्या ताटावर वारा घालतोय. धुळीने किंवा पंख्याने तापणारं मशीन हळूहळू चढतं, कारण तांबं आधी तापावं लागतं. दोन सेकंदांत उडी मारणारं मशीन सांगत असतं की चिप आणि तांबं यांची नीट गाठच पडलेली नाही. हे मला माहीत होतं हो. इतरांना सांगितलेलंही आहे. स्वतःच्या मशीनवर आठवायला तीन संध्याकाळी लागल्या.

हीटपाइप (चिपची उष्णता फिन्सपर्यंत नेणारी तांब्याची नळी) मेली नाही ना, हे आधी पाहिलं. हीटसिंक (चिपवरची पाटी, नळी आणि फिन्स असा जोड) काढून चिपकडचं टोक गरम पाण्याच्या कपात बुडवलं, दुसरं टोक बोटात धरलं. चार-पाच सेकंदांत सोडावं लागलं. पाइप ठणठणीत.

मग मूर्खपणा वाटेल असा प्रयोग केला. कीबोर्ड काढलेला, बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडलेला, स्ट्रेस चालू, आणि पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने हीटसिंकची पाटी चिपच्या वर हलकेच दाबली. ९९... ९१... ८४. सोडली, की परत ९८. पुन्हा दाबली, ८३. पेन्सिलने चालणारा कूलर! मी हे सहा वेळा केलं, त्यातली चार नुसती मजा म्हणून.

पाटी उचलतंय कोण, हे मग उघडच होतं. जुन्या पॅडचा एक तुकडा चुकून काड्यापेटीत राहिला होता. व्हर्नियरने मोजला: ०.५. मी टाकलेली पॅड १ मिमीची. जाड पॅड म्हणजे जास्त थंडावा, असं काहीतरी तेव्हा डोक्यात असावं. मेमरीवरच्या त्या जाड गाद्यांनी पाटी एका बाजूने उचलली, आणि प्रोसेसरवर पेस्टचा थर एका कोपऱ्यात श्रीखंडासारखा जाड राहिला. जानेवारीतल्या माझ्याच फोटोत हा कोपरा स्पष्ट दिसतोय. तुम्ही कुणीच बोलला नाहीत, आभारी आहे.

तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तिसऱ्या दुकानात ०.५ ची शीट मिळाली. पहिल्या दोघांनी पांढऱ्या हीटसिंक कंपाउंडची डबी पुढे केली. ते अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला उत्तम, मी स्वतः वापरतो. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर मात्र माझ्याकडे ते काही महिन्यांत वाळून खडू झालंय. नवी पॅड, पुन्हा एमएक्स-४, स्प्रिंगचे चार स्क्रू पाटीवरच्या आकड्यांच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा, पुन्हा अर्धा. निकाल: वीस मिनिटं स्ट्रेस, ७८ वर स्थिर, पंखा ३,३०० वर. खोलीत ३४ अंश, पुण्यातला एप्रिल. माझे जानेवारीचे आकडे २४ अंशांच्या खोलीतले आहेत, तेव्हा थेट तुलना करू नका. खोलीच्या वर किती, ते बघा: ४४.

पुढे पेस्टऐवजी पीटीएम ७९५० (तापल्यावर मऊ होऊन चिपवर बसणारी शीट) लावायचा बेत होता. ४५ अंशांच्या आसपास मऊ होतं आणि पेस्टसारखं दर उन्हाळ्यात कडेला पळत नाही. पण हे लिहितालिहिता वाटतंय की आधी मेमरीवरच्या पॅडच काढाव्यात आणि तिथे थर्मल पुटी (उष्णता नेणारा मऊ लगदा) भरावी. पुटी दाबली तेवढी बसते, जाडीचा प्रश्नच मिटला. पीटीएम मग त्यानंतर, आणि नकली माल इतका आहे की ओळखीच्या माणसाकडूनच. तोवर नो-टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग बंद करणारी सेटिंग) १ करून ठेवलंय, २.६ गिगाहर्ट्झला माझं सगळं काम होतं.

एवढं होऊनही घरघर आहेच. पण फक्त ३,३०० फेऱ्यांवर! ३,००० ला गप्प, ३,६०० ला नुसता वारा. बेअरिंग खराब असती तर सगळीकडे वाजली असती. तळहाताने उजवा कोपरा दाबला की आवाज बंद. कुठलीतरी पट्टी थरथरतेय, बहुधा डीव्हीडीच्या खणाची. आईच्या टिकल्यांच्या पाकिटामागचा फेल्टचा तुकडा मागून ठेवलाय. आठव्यांदा उघडणं रविवारी, ती देवळात गेल्यावर.