तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तेव्हा कुठे होतात?’

माजी विद्यार्थी भेटले की चहा येईपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. मी राज्यशास्त्र शिकवायचो आणि वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचो, त्यामुळे याच्याकडे उत्तर असणार अशी त्यांची समजूत. प्रश्न असा: "सर, समोरचा ढळढळीत दुटप्पी बोलतोय. त्याचं जुनं विधान तारखेसकट आपल्या हातात आहे. ते तोंडावर फेकलं तर तुम्ही गुण का कापायचात? ‘तेव्हा कुठे होतात’ असं विचारणं चूक आहे का?"

चूक नाही, खुशाल विचारा. गुण मी विचारल्याबद्दल कापत नव्हतो. विचारून खाली बसल्याबद्दल कापत होतो.

उदाहरण आमच्या दाराशीच घडलेलं आहे. मी सावंतवाडीचा. बांदा ओलांडलं की गोवा, आंबोली घाट चढून गेलं की बेळगाव. नात्यातली निम्मी माणसं म्हापशाला आणि उरलेल्यांतली बरीच बेळगावात. त्यामुळे २०१७चा गोवा आणि २०१८चं कर्नाटक ही दोन्ही भांडणं माझ्या ओटीवर झाली.

मार्च २०१७ मध्ये गोव्याच्या ४० जागांपैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ मिळाल्या. मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः पडले. काँग्रेसवाले आपला नेता कोण याचा घोळ घालत बसले. तेवढ्यात भाजपच्या मनोहर पर्रीकरांनी आपले १३, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), गोवा फॉरवर्ड आणि अपक्ष मिळून २१ जणांच्या पाठिंब्याची पत्रं राज्यपाल मृदुला सिन्हांपुढे ठेवली. राज्यपालांनी त्यांना बोलावलं. काँग्रेस सुप्रीम कोर्टात गेली: सर्वांत मोठा पक्ष आमचा, आधी आम्हाला बोलवायला हवं होतं. कोर्टाने उलट विचारलं की तुमच्याकडे आकडा होता तर राज्यपालांना का नाही दाखवलात? दोन दिवसांत बहुमत चाचणी झाली, पर्रीकर तरले.

मे २०१८ मध्ये कर्नाटकात भाजपला १०४ जागा मिळाल्या, म्हणजे सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत ११२वर. काँग्रेसचे ७८ आणि जनता दल सेक्युलरचे ३७ निकालाच्याच दिवशी एकत्र आले. राज्यपाल वजुभाई वालांनी तरीही भाजपच्या येडियुरप्पांना बोलावलं आणि बहुमत सिद्ध करायला १५ दिवस दिले. काँग्रेस पुन्हा सुप्रीम कोर्टात. मध्यरात्रीनंतर सुरू झालेली सुनावणी पहाटेपर्यंत चालली. कोर्टाने १५ दिवसांचे दोन केले आणि १९ मे रोजी येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

आता दोन्ही पक्षांचे युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून बघा. गोव्यात काँग्रेस म्हणत होती, मोठ्या पक्षाचा मान पहिला. भाजप म्हणत होता, आकडा ज्याच्याकडे त्याचं सरकार. चौदा महिन्यांनी दोघांनी एकमेकांची भाषणं उचलली. अरुण जेटलींनी मार्च २०१७ मध्ये गोव्याचं समर्थन करताना जुने दाखले देऊन लेख लिहिला होता. तोच लेख कर्नाटकच्या वेळी काँग्रेसवाले एकमेकांना पाठवत होते. दोन्ही वेळा कोर्टात काँग्रेसचे वकील अभिषेक मनु सिंघवीच होते. त्यांना दोष देत नाही, अशिलाची बाजू मांडणं हा वकिलाचा धंदाच आहे. पण ओटीवर बसलेल्या माझ्या साडूला कुणी फी दिली नव्हती.

कर्नाटकच्या त्या आठवड्यात बेळगावचा मेहुणा आला होता, भाजपचा कट्टर. साडू म्हापशाचा, जन्माचा काँग्रेसवाला. साडूने राज्यपालांच्या नावाने शंख करायला सुरुवात केली तसा मेहुणा म्हणाला, "भावोजी, गोव्यात तर तुम्हीच सांगत होतात ना, मोठा पक्ष मोठा पक्ष म्हणून?" साडू क्षणभर अडखळला. मग उसळून म्हणाला, "मगे तुमी तेव्हा काय सांगी होतास?" झालं, त्यानंतर जेवणं होईपर्यंत एकमेकांची जुनी वाक्यं उकरणं चाललं होतं. येडियुरप्पांना बोलावणं बरोबर की चूक, यावर त्या दोन तासांत एक वाक्य झालं नाही.

याला हल्ली व्हॉटअबाउटरी म्हणतात आणि तो शब्द फेकला की आपण तर्कशास्त्री झालो असं लोकांना वाटतं. पण मेहुण्याच्या प्रश्नात दम होता. माणूस तत्त्वाचा आव आणून बोलत असेल तर ते तत्त्व त्याने गैरसोयीच्या दिवशी पाळलं होतं का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्यातून त्या माणसावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. मात्र येडियुरप्पांना बोलावणं योग्य होतं की नाही, ते त्यातून कळत नाही. साडू ढोंगी ठरला तरी १०४चे ११२ होत नाहीत.

आणखी एक गोष्ट मेहुण्याच्या ध्यानात आली नाही. ‘तुम्हीही गोव्यात उलटं म्हणत होतात’ असं म्हटलं की गोवा आणि कर्नाटक यांना एकच नियम लागू आहे, हे आपण कबूल करून बसतो. मग तो नियम आपल्यालाही लागतो. गोव्यात पर्रीकरांना बोलावणं बरोबर, तर कर्नाटकात काँग्रेस-जनता दल आघाडीच्या कुमारस्वामींना बोलवायला हवं होतं. येडियुरप्पांना बोलावणं बरोबर, तर गोव्यात पहिला मान काँग्रेसचा. दोनांतलं एक निवडावं लागेल. स्पर्धेत मी नेमकं इथे थांबायचो: मुलाने प्रतिपक्षाची विसंगती दाखवली, टाळ्या घेतल्या, आणि स्वतः कुठला नियम दोन्हीकडे लावणार ते न सांगता जागेवर बसला, की गुण गेले.

निवडायला आधारही होता. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आयोगाने १९८८च्या अहवालात उतरंड लावून दिलेली आहे: आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांचा पाठिंबा असलेला सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतर झालेली आघाडी. काँग्रेसने गोव्यात आणि भाजपने कर्नाटकात ‘सर्वांत मोठा पक्ष’ एवढंच वाचलं, ‘इतरांचा पाठिंबा असलेला’ हे शब्द गाळले. त्यात सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई खटल्यातल्या निकालापासून, म्हणजे १९९४ पासून, बहुमताचा निकाल सभागृहातच लागायचा हे ठरलेलं. माझं मत विचाराल तर गोव्यात राज्यपाल आकड्यांच्या हिशेबात बरोबर होत्या आणि कर्नाटकात राज्यपाल चुकले. हे ऐकून साडू एका वाक्यावर रुसतो, मेहुणा दुसऱ्या.

गोव्यातल्या मतदाराची फसवणूक झाली नाही असं मात्र मी म्हणत नाही. भाजपविरुद्ध प्रचार करून निवडून आलेला गोवा फॉरवर्ड निकालानंतर त्यांच्याच मंत्रिमंडळात बसला, त्याचा राग येणारच. तो राग त्या पक्षावर काढायचा, पुढच्या निवडणुकीत काढायचा. राज्यपालांनी पत्रं मोजायची असतात. या दोन तक्रारी एकात मिसळल्या की कुठलीच धड मांडता येत नाही.

"सगळेच सारखे" म्हणणाऱ्यांबद्दलही विचारलं जातं. ओटीवर तेही असतात, बहुधा झोपाळ्यावर, आणि आपण वर उठून बोलतोय असा त्यांचा चेहरा असतो. मला ते साडू-मेहुण्यापेक्षा आळशी वाटतात. युक्तिवाद दोघांनी सारखेच फिरवले, पण घटना सारख्या नव्हत्या: एकाकडे पत्रं होती, दुसऱ्याकडे नव्हती. ते बघायला आकडे वाचावे लागतात. प्रत्येक बदललेली भूमिकाही दुटप्पी नसते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये भाजप-शिवसेनेची निवडणूकपूर्व युती होती, १६१ जागांची, आणि ती निकालानंतर फुटली. त्याला गोव्याचा दाखला जसाच्या तसा लावणारा फसतो.

वर्गात यावर एक उपाय करायचो. फळ्यावर लिहायचो: ‘अ पक्ष सर्वांत मोठा, बहुमत नाही. ब आणि क निकालानंतर एकत्र आले, बहुमत आहे. कोणाला बोलवाल?’ आणि उत्तर वहीत लिहायला सांगायचो. मागच्या बाकावरून ठरलेला आवाज यायचा: "सर, राज्य कुठलं?" मी म्हणायचो, आधी लिही, मग सांगतो. काही मुलं पेन टेबलावर ठेवून बसायची. राज्य कळल्याशिवाय लिहिणारच नाहीत!

दुटप्पीपणाची हद्द मात्र आमच्या शेजारीच बघायला मिळाली. २०१७ मध्ये काँग्रेसच्या वतीने सुप्रीम कोर्टात जाणारे अर्जदार होते चंद्रकांत कवळेकर. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांना घेऊन तेच भाजपमध्ये गेले आणि उपमुख्यमंत्री झाले. दोन तृतीयांश भरत असल्यामुळे पक्षांतरबंदी कायदा आड आला नाही. साडू अजून चिडून विचारतो, "आता सांग, त्या अर्जाला काय अर्थ राहिला?" मी सांगतो, अर्जातला मुद्दा २०१७ मध्येच लंगडा होता. कवळेकर गेले म्हणून तो जास्त लंगडा झाला नाही, आणि राहिले असते तरी धड झाला नसता. हे त्याला पटत नाही. त्याला कवळेकरांबद्दल बोलायचं असतं, आणि ते बोलण्यासारखं आहेच, पण तो वेगळा विषय.

परवा एकाने शिंदेंच्या बंडाबद्दल विचारलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "पण १९७८ साली पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलंच होतं ना!" मी म्हटलं, पाडलं. मग दोन्ही चूक म्हणतोस की दोन्ही चालतं? तो म्हणाला, सर, तुम्ही विषय बदलताय.