बाराचा भोंगा आणि लाकडाचा ऊस

आज महिन्यातला पहिला सोमवार. सातला उठले तर बाहेर मिट्ट काळोख, डिसेंबरात इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला साडेआठपर्यंत सूर्यच उगवत नाही आणि उगवला तरी ढगाआडच असतो. डब्यात दोन पोळ्या आणि रात्रीची मटकीची उसळ भरली, सायकल काढली, समोरून वारा. दहा मिनिटांचा रस्ता पण लॅबमध्ये पोचेपर्यंत कान बधिर झाले होते.

माझं मास्टर्सचं थिसिस म्हणजे थोडक्यात असं, की काचेच्या भिंतींचा एक लांब पाट आहे, त्याला फ्लूम म्हणतात, १४ मीटर लांब आणि जेमतेम ४० सेंटीमीटर रुंद. एका टोकाने पंप पाणी सोडतो, दुसऱ्या टोकाला ते टाकीत पडतं आणि परत फिरतं. मधल्या भागात मी ८ मिलिमीटर जाडीचे लाकडी दांडे ओळीने रोवलेत. हा माझा ऊस. पुराचं पाणी उभ्या पिकातून जाताना किती अडतं आणि त्यामुळे वरच्या अंगाला किती चढतं, हे मोजायचंय. खरा ऊस वाकतो, लोळतो, त्याच्या पाल्यात सगळा कचरा अडकून बसतो, हे मला माहितीय, मामाचं शेत हरिपूरला नदीकाठीच आहे. पण आधी ताठ दांड्याचं गणित नीट जमलं पाहिजे मग वाकणाऱ्याकडे जायचं.

पाण्याचा वेग मोजायला जो प्रोब आहे तो आवाजावर चालतो. तो पाण्यात आवाजाची स्पंदनं सोडतो, पाण्यातल्या बारीक कणांवर आपटून ती परत येतात, त्यावरून वेग कळतो. म्हणजे पाण्यात कण पाहिजेत, अगदी स्वच्छ पाणी त्याला चालत नाही. आणि शनिवार-रविवार पंप बंद, त्यामुळे मी शुक्रवारी टाकलेले सगळे कण तळाशी बसले होते. मी सकाळी पंप चालू केला आणि न बघता मोजायला लागले. एका जागी तीन मिनिटं, मग प्रोब एक सेंटीमीटर वर, परत तीन मिनिटं, असे २२ पॉइंट घेतले आणि मग ग्राफ उघडला तर कोरिलेशन, म्हणजे परत आलेली स्पंदनं एकमेकांशी किती जुळतात ते, सगळीकडे ७० टक्क्यांच्या खाली, म्हणजे भरवशाचं नाही. सगळं फेकून द्यायचं. सकाळ गेली. रडू नाही आलं पण घशाशी काहीतरी आलं.

आणि तेवढ्यात बारा वाजले आणि भोंगा वाजला. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर धोक्याचा भोंगा टेस्ट करतात. कोणी मान वर करून बघत नाही, ब्रेडवर चीज ठेवून खात बसतात. मी ऑक्टोबरात पहिल्यांदा ऐकला तेव्हा हात गार पडले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आमच्या गावभागात रिक्षावर स्पीकर लावून सांगत फिरत होते तो आवाज एकदम आठवला. आमच्याकडे भोंग्यापेक्षा एकच प्रश्न असतो, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी) पाणी किती झालं? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. त्या वर्षी ५७ च्या वर गेलं. आम्ही मावशीकडे विश्रामबागला गेलो, आई तांदळाचा डबा माळ्यावर ठेवून आली होती, तोही भिजला.

दुपारी माझ्या गाइडला सांगितलं (इथे सर-मॅडम नाही, नावानेच हाक मारायची, मला अजून जड जातं) की सकाळचा डेटा बाद. ते चिडले नाहीत, एवढंच म्हणाले की तूच पकडलंस ना, मग उद्या परत घे. पाण्यात कण टाकले, ढवळले, आणि संध्याकाळपर्यंत त्यातले १४ पॉइंट परत घेतले. या वेळी नव्वदच्या वर.

यांच्याकडे नदीचा हा प्रश्न फार गांभीर्याने घेतात. १९९५ च्या जानेवारीत ऱ्हाईन आणि म्यूझ इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांना घरं सोडायला लागली, आणि नंतर यांनी बांध नुसते उंच न करता नदीलाच जागा करून दिली. नायमेखनला वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेलाय, मी मुद्दाम ट्रेनने जाऊन बघून आले. त्यासाठी पन्नासेक घरं हटवावी लागली, हेही खरं. पूरपट्ट्यात कुठे किती झाडोरा वाढू द्यायचा याचा इथे सरकारी नकाशा आहे. सांगलीत असं काही बोलायचं तर समोर मामा उभा राहतो, ऊस काढ म्हणून त्याला कोणत्या तोंडाने सांगू? निदान किती इंचाला ऊस जबाबदार आणि किती इंचाला नाही, एवढं तरी धड माहीत पाहिजे. सध्या पुराचं नाव निघालं की कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून नुसती भांडणं होतात, दोन्ही बाजूंनी.

साडेपाचला घरी फोन केला, तिकडे रात्रीचे दहा. बाबा जागेच होते.

इथे भिंतींमध्ये बारीक ब्रॉन्झच्या खुंट्या बसवलेल्या असतात, देशभरात ३५ हजारांच्या आसपास, आणि प्रत्येकीची उंची अ‍ॅमस्टरडॅमच्या एकाच शून्य पातळीपासून मोजलेली. हे त्यांना सांगितलं आणि विचारलं, बाबा, घर रंगवताना तुम्ही दाराजवळची पुराची रेघ ठेवलीय ना, ती मोजून सांगाल का? अगं आत्ता? म्हणाले, पण चपला घालून टेप घेऊन बाहेर गेलेही. आई मागून ओरडतेय थंडीत काय हे. मग फोनवर बाबांचा आवाज, "उंबऱ्यापासून धरू का रस्त्यापासून?"

मी म्हटलं दोन्ही मोजा, आणि फोटोत टेप दिसू दे.