नार्वे दोन आहेत : दिवाडीवरून सप्तकोटेश्वराला पायी

नार्वे दोन आहेत, हे निघण्याआधी कुणीही सांगत नाही. फोनमध्ये नुसतं नार्वे टाकलं की तो एकदा गोव्यातल्या दिवाडी बेटावर नेतो, एकदा पलीकडच्या डिचोलीत, आणि मध्ये मांडवीचा फाटा आडवा येतो. सप्तकोटेश्वराचं आजचं देऊळ डिचोली तालुक्यातल्या नार्व्यात आहे. बेटावरच्या नार्व्यात मूळ देवळाची जागा आणि कोटीतीर्थाची तळी तेवढी उरली आहे. तेव्हा शोधताना देवाचं नाव टाका, गावाचं नको.

एकाच नावाची दोन गावं समोरासमोर का, याचं उत्तर टॅक्सीच्या पॅकेजमध्ये मिळत नाही. जुने गोवे, मंगेशी, म्हार्दोळ आणि वर मसाल्याची बाग असं एका दिवसात उरकणारं ते पॅकेज सरळ नाकारा. गाडी पुलावरून जाते, डोळा लागतो, आणि चर्चचा गोवा वेगळा, देवळांचा वेगळा, अशी समजूत पक्की होऊन माणूस घरी येतो. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींतली, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांतली, देवळं पाडली गेली, तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले, कारण तिथे पोर्तुगीज अंमल नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. सप्तकोटेश्वर १५६० च्या सुमारास दिवाडीहून समोरच्या काठावर गेला. देव जिथून पलीकडे गेला ती नदी पायी माणसालाही फेरीबोटीने ओलांडता येते, असं हे ठिकाण. बोटीला लागतात काही मिनिटं. देश सोडणं म्हणजे किती दूर जाणं, याबद्दलच्या कल्पना त्या मिनिटांत मोडतात.

पणजीहून फोंड्याची बस घ्या. जुने गोवे दहा किलोमीटर. काही गाड्या बायपासने जातात, म्हणून चढतानाच विचारा. कदंबची, म्हणजे सरकारी, बस मिळाली तर एक गंमत ध्यानात ठेवा. ज्या राजघराण्याचं नाव बसवर आहे, त्याचाच हा कुलदेव. सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद ते राजे आपल्या बिरुदात मिरवत.

जुन्या गोव्यात दीड तासाच्या वर घालवू नका. बॉम जेझू चर्च आणि से कॅथेड्रल, दोन्हीकडे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दारात मेणबत्त्या आणि हार हातात कोंबले जातात. हातात घेतलं की किंमत सुरू होते आणि ती चेहरा बघून ठरते. हात खिशात ठेवा. आत अर्धी चड्डी आणि उघडे खांदे चालत नाहीत, आणि प्रार्थना चालू असताना फोटोसाठी मध्ये शिरणारी मंडळी बहुतेक आपल्याच भाषेत बोलताना ऐकू येतात, हे लिहायला लाज वाटते. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

सेंट कजेतान चर्चजवळ आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचा काळा दगडी अवशेष उभा आहे. तो कुणी बघत नाही, तुम्ही बघा. वाडा सुलतानाचा, कोरीव काम देवळाच्या वळणाचं, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं त्यात राहिले पोर्तुगीज व्हाइसरॉय. सेंट पॉल कॉलेजची एकच कमान आता उरली आहे. १५५६ मध्ये इथे छापखाना आला. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, साष्टीतल्या राशोलला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत, लिपी मात्र रोमन. गोवा आपलाच म्हणणाऱ्यांनी आणि गोवा परकाच म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही त्या कमानीपाशी पाच मिनिटं उभं राहावं.

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की फेरीचा धक्का. पायी माणसाला तिकीट नाही. ओहोटीला उतरणीचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं; पाऊल आडवं टाका, दुचाकी असेल तर पुढचा ब्रेक दाबू नका.

आता या वाटेचा सगळ्यात वाईट तुकडा. दिवाडीच्या धक्क्यापासून पिएदादच्या टेकडीपर्यंत खाजनातून, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल भातजमिनीतून, जाणारा रस्ता आहे. 'पाच मिनिटांत पोचाल' असं ज्याला त्याला सांगितलं जातं, ते स्कूटरवाल्याचं गणित. पायी अर्ध्या तासाहून जास्त लागतो आणि सावली जवळजवळ नाही. दोन्हीकडे खारट पाणी अडवणारे बांध, भातखाचरं, मध्ये मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं. ऊन डांबरावरून आणि पाण्यावरून, दोन्हीकडून अंगावर येतं. दहानंतर हा तुकडा चालू नका. माणशी दोन लिटर पाणी जुन्या गोव्यातच भरा. बेटावर दुपारी एक ते चार दुकानं झोपलेली असतात आणि त्यांना उठवणं हा अपराध समजला जातो. बरोबरच आहे.

भर उन्हात बांधावरून आखूड वाट काढायचा मोह होतो. काढू नका. बांध मऊ असतात, मधला एखादा फुटका निघतो आणि गुडघाभर चिखलातून मागे फिरावं लागतं.

टेकडीवरच्या पिएदाद चर्चशेजारी दफनभूमी आहे. तिथल्या लहान चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचं कोरीव काम टिकून आहे. कुलूप असलं तर चर्चमध्ये नीट विचारा, आणि विचारताना मोडकीतोडकी का होईना, कोंकणी वापरा. हिंदीला हिंदीत उत्तर मिळतं, कोंकणीला किल्ली मिळू शकते. निघताना 'देव बरें करूं' म्हणा. हे शब्द चर्चमध्ये चालतात तसे देवळातही.

तिथून नार्व्याच्या फेरीपर्यंत तासभर चाल. चांगली आहे, झाडं आहेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही. धक्क्यावर परतीच्या फेरीची शेवटची वेळ वाचून घ्या, फोटो काढून ठेवा, मगच बोटीत पाय टाका.

सप्तकोटेश्वराच्या दारावरचा शिलालेख १६६८ चा. शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला त्याचा. पण 'महाराजांचं देऊळ' एवढंच मनात धरून गेलेला माणूस आवारात थबकतो. अष्टकोनी बैठकीवर घुमट, आत कमानदार छत, समोर दीपस्तंभ. शिखराची सवय असलेल्या डोळ्याला हे देऊळ ओळखीचं वाटायला वेळ लागतो. २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं. आतलं लिंग पैलू पाडलेलं, धारालिंग. बेटावर असताना ते विहिरीवर पाणी शेंदायला वापरलं गेलं, अशी कथा आहे. दुपारी आवारातला दगड तापतो आणि चपला बाहेर ठेवाव्या लागतात, त्यामुळे मोजे घालून जा. गोकुळाष्टमीला इथल्या नदीवर स्नानाची गर्दी उसळते. निवांत बघायचं असेल तर तो दिवस टाळा.

परतीची सोय ही खरी मेख. डिचोलीकडे जाणाऱ्या बस तुरळक, आणि वाटेत थांबवलेला टॅक्सीवाला रिकाम्या फेरीचंही भाडं धरून आकडा सांगतो. घासाघीस करण्यात शक्ती घालवू नका. आल्या वाटेने फेरीने मागे या. भाड्याने दुचाकी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्त गाडी पोलिसांनी अडवली की स्वस्त राहत नाही.

संध्याकाळी दिवाडीवर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो. सुटे पैसे तयार ठेवा, पोई हा गोव्याचा पाव घ्या आणि बोटीतच खाऊन टाका; घरी नेईपर्यंत ती चामड्यासारखी चिवट होते.