फागलां : करटोली पाहा

“टीचर, पुस्तकांत फागलां नात.”

आठवीतल्या एका मुलीने वनस्पतींवरच्या एका जाडजूड मराठी पुस्तकाची शेवटची सूची उघडली होती आणि ‘फ’च्या नोंदींवर बोट ठेवून ती माझ्याकडे तक्रारीच्या सुरात पाहत होती. सूचीत फणसानंतर थेट फालसा होता. तिच्यासमोर टेबलावर वहीच्या कागदात गुंडाळून आणलेली चार हिरवी, काटेरी फागलां होती आणि त्यांचे देठ अजून ओले होते. समोर दिसणारी वस्तू पुस्तकात नाही, तेव्हा पुस्तकच अपुरे, असा तिचा साधा हिशेब होता. फागलां म्हणजे करटोली आणि करटोली त्याच सूचीत चार पाने आधी ‘क’मध्ये आहे, हे मला ठाऊक होते. पण ते सांगून टाकले असते तर तो तास तिथेच संपला असता, म्हणून मी गप्प राहिले. एरवी गप्प राहणे मला जमत नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात ग्रंथपाल आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून चाळीस मिनिटांचा एक ग्रंथालयाचा तास मिळतो, आणि एखादे शिक्षक रजेवर गेले की ‘मुलांना लायब्ररीत पाठवा’ म्हणून आणखी एखादा. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, मुलांच्या तोंडची भाषा कोकणी, आणि कपाटांतली पुस्तके इंग्रजी, मराठी, हिंदी, कोकणी अशी चार भाषांतली. ही अडचण आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले होते.

त्याआधी महिनाभरापूर्वी, १२ ऑगस्टला, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या ग्रंथपाल दिनी, मी याच वर्गासाठी ‘खजिन्याचा शोध’ हा खेळ मांडला होता. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारे आकडे, लिहिलेल्या चिठ्ठ्या पुस्तकांत लपवायच्या, एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीचा माग काढायचा, आणि शेवटी चॉकलेट. तयारीला माझे दोन दिवस गेले आणि खेळ अठरा मिनिटांत आटोपला. मुलांनी धावपळ केली, आरडाओरडा केला, एका कपाटाची काच थोडक्यात वाचली. पण ज्या पुस्तकांतून चिठ्ठ्या काढल्या, त्यांतले एकही कोणी उघडून पाहिले नाही. त्या आठवड्याच्या देवघेव नोंदवहीत नेहमीचीच सात नावे होती. मुले खूश होती, मुख्याध्यापकही खूश होते आणि छायाचित्रे सुरेख आली होती, म्हणून हा उपक्रम फसला असे म्हणायचीही सोय नव्हती.

चतुर्थीच्या सुट्टीआधीच्या तासाला मग मी काहीही लपवले नाही. आदल्या आठवड्यात एवढेच सांगितले की, घरच्या माटोळीला जे जे बांधतात त्यांतल्या एका वस्तूचे नाव घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायचे, नाव सांगणाऱ्याचे नातेही लिहायचे, आणि शक्य असेल तर ती वस्तू आणायची. ज्यांच्या घरी माटोळी नसते त्यांनी परसातले किंवा स्वयंपाकघरातले काहीही आणले तरी चालेल. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर माटोळी म्हणजे गणपतीच्या मूर्तीच्या वर टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट. तिला नारळ, सुपारीचे घड, केळी, तवशी यांच्यापासून रानातल्या फळांपर्यंत आणि वेलींपर्यंत त्या ऋतूत जे जे पिकते ते बांधतात. या माटोळ्यांच्या स्पर्धाही होतात आणि त्यासाठी लोक दिवसचे दिवस रानात हिंडतात.

त्या दिवशी ग्रंथालयात दमट कागदांच्या आणि डांबरगोळ्यांच्या नेहमीच्या वासात भिजलेल्या पानांचा आणि मातीचा वास मिसळला. चार टेबलांवर चौतीस मुले आणि त्यांच्या पिशव्या. काम एकच होते : आपण आणलेल्या वस्तूबद्दल या खोलीतल्या कोणत्या पुस्तकात काय लिहिले आहे ते शोधायचे. पहिल्या दहा मिनिटांत जवळपास प्रत्येक टेबलावरून तेच वाक्य ऐकू आले. फागलां नात, तवशें ना, ओंवळ ना, भिरंड ना.

कोंडी फुटली ती साताऱ्याकडून नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबातल्या एका मुलामुळे. हा मुलगा एरवी कोकणी धड येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसतो. तो पुढे येऊन फागलां हातात घेऊन म्हणाला, “ही तर करटुली. आजी करते भाजी.” सूची उघडून बसलेल्या मुलीने त्याच्याकडे अविश्वासाने पाहिले, पाने मागे उलटली आणि ‘करटोली’ शोधून काढली. पान उघडले तर चित्र तेच, काटे तेच. मग तिने मला जो प्रश्न विचारला तो ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेतही मला कोणी इतका नेमका विचारला नव्हता : “पण मी फागलां म्हणूनच शोधणार ना? मला करटोली कसे कळणार?”

आमच्या ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले तेव्हापासून जुन्या तालिकेचे, म्हणजे कार्डांवरच्या पुस्तकसूचीचे, लाकडी खण कोपऱ्यात पडून आहेत, कारण ते बाद करायचे तर बरीच कागदपत्रे करावी लागतात. त्यांतला एक खण मी टेबलावर आणून ठेवला. माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या वळणदार अक्षरातले एक कार्ड त्यात हाताला लागले : ‘पाककला – स्वयंपाक पाहा’. या कार्डावर ना लेखकाचे नाव होते, ना दाखल क्रमांक. एक शब्द मनात घेऊन आलेल्या वाचकाला, ग्रंथालयाने ज्या शब्दाखाली पुस्तके ठेवली आहेत त्या शब्दाकडे धाडणे एवढेच त्याचे काम. अशी शंभरएक कार्डे त्या खणांत होती. संगणकात नोंदी भरताना आम्ही पुस्तकांची कार्डे इमानाने उतरवली आणि ही ‘पाहा’ची कार्डे मात्र निरुपयोगी समजून सोडून दिली. ती माझीच चूक होती आणि ती मला त्या मुलीच्या प्रश्नाने कळली.

खणाच्या मागच्या बाजूला कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा होता. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची, खाली सळईसाठी भोक असलेली, कडेने किंचित पिवळी पडलेली ती कार्डे मी वाटली. पहिले कार्ड तिचेच झाले : ‘फागलां – करटोली पाहा’. खाली बारीक अक्षरात ‘सांगणारी : आजी’ आणि पुस्तकाचा बोधांक, म्हणजे त्याची फळीवरची जागा सांगणारा क्रमांक. त्यानंतर माझ्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. तवशें – काकडी पाहा. कुंवाळो – कोहळा पाहा. ओंवळ – बकुळ पाहा. भिरंड – कोकम पाहा. हे कार्ड ज्या मुलीने केले तिच्या घरी माटोळी नसते, पण वाळत घातलेली सोलां मात्र असतात.

केवणीचे कार्ड मला विशेष आठवते. सत्तरी तालुक्यात आजोळ असलेल्या एका मुलाने फळ आणले नव्हते. माटोळीच्या वस्तू ज्याने बांधतात तो केवणीच्या सालीचा दोर त्याने आणला होता, कारण त्याच्या मामाच्या मते दोर नसेल तर माटोळी कसली? केवण म्हणजे मुरुडशेंग, हे त्याला औषधी वनस्पतींच्या एका पुस्तकात सापडले, आणि पिळ्यासारख्या वळलेल्या शेंगेचे चित्र पाहून तो ओरडलाच, कारण तीच शेंग त्याच्या घरी धाकट्या बहिणीच्या घुटीसाठी सहाणेवर उगाळली जात होती. दोर आणि घुटी एकाच झाडाच्या पोटची, हे त्याच्या घरातल्या दोन माणसांना वेगवेगळे ठाऊक असणार. एकत्र मात्र ते त्याला इथे कळले. तो दोर त्याने टेबलावरून उचलला आणि तासभर मनगटाला गुंडाळून ठेवला.

मग भांडण झाले. एका टेबलाने कार्ड केले, ‘दुदी – दुधी भोपळा पाहा’. नाव जुळते, मग विचारायचे काय? पलीकडच्या टेबलावरची मुलगी उभी राहिली : आमच्याकडे दुदी म्हणजे तांबडा भोपळा, ज्याचे घारगे करतात तो. दोन्ही बाजूंनी आयांची, मावश्यांची साक्ष निघाली. मी निकाल देणार नाही असे म्हटल्यावर मुलांनी पुस्तकांतली चित्रे समोरासमोर ठेवली आणि चित्राखालच्या, आजवर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते अशा तिरप्या अक्षरांतल्या नावांकडे त्यांचे लक्ष गेले. एकाखाली कुकुर्बिटा होते, दुसऱ्याखाली लॅजिनेरिया. लिनेअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ठाऊक असलेल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली आणि अशा नावांनी नेमकी अशी भांडणे मिटतात, हे सांगायला मला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. कार्ड फाडले नाही, दुरुस्त केले : ‘दुदी – तांबडा भोपळा पाहा. (दुधी भोपळा निराळा.)’ कंसातले ते तीन शब्द कोणी सुचवले ते मला आठवत नाही, पण ते मी सुचवले नव्हते एवढे नक्की.

पुढचा तास खेळाचा होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खेळाच्या सरांनी दारातून आत डोकावून, टेबलांवरचा पसारा पाहून, मुले माझ्याकडेच राहू दिली. त्यामुळे एक अवघड प्रश्नही घेता आला : उद्या कोणी माटोळीवर पुस्तक लिहिले तर ते कोणत्या कपाटात ठेवायचे? पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्युईची १८७६ ची दशांश पद्धत मी दरवर्षी फळ्यावर दहा वर्ग लिहून शिकवते आणि दरवर्षी मुले जांभया देतात. या वेळी ती स्वतःच कपाटांकडे गेली. हिंदू धर्म म्हणून २९४.५, सण म्हणून ३९४.२६, वनस्पती म्हणून ५८१, औषध म्हणून ६१५, फळबाग म्हणून ६३४, भाजीपाला म्हणून ६३५ अशा सहा जागा निघाल्या आणि प्रत्येक जागेचा कैवारी उभा राहिला. पुस्तक एक असेल तर ते एकाच फळीवर राहणार, म्हणून कुठेतरी ठरवावेच लागते आणि उरलेल्या पाच ठिकाणांहून वाट दाखवावी लागते, हे मला सांगावे लागले नाही; केवणीवाल्या मुलाने विचारले, “म्हणजे पाच कार्डे करायची?”

तास संपता संपता मी त्यांना मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या लॅटिन ग्रंथाविषयी सांगितले. कोचीच्या हेन्ड्रिक व्हान र्‍हीडे या डच गव्हर्नराने तो तयार करवला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. झाडांची माहिती मात्र इथल्याच लोकांनी दिली. इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य त्यांत होते, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी भाषक वैद्यही होते. या तिघांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेले प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. ‘सांगणारी : आजी’ असे ज्यांनी नुकतेच लिहिले होते त्या मुलांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि एकाने फक्त एवढेच विचारले की, त्यांना पैसे दिले होते का.

सुट्टीनंतर कार्डांची संख्या चौतीसवरून त्र्याऐंशीवर गेली. त्यांतली अकरा मी बाजूला काढली, कारण वस्तू ओळखायला ना चित्र जुळत होते ना दुसरा माणूस मिळत होता. आता नियमच केला आहे की, एक घरचे माणूस आणि एक पुस्तक अशा दोन साक्षी असल्याशिवाय कार्ड खणात जाणार नाही. ही नावे संगणकातल्या विषयनोंदीतही भरायला मी सुरुवात केली आहे, पण ते काम संथ चालले आहे. हे अभ्यासक्रमात कुठे बसते, असे शिक्षकांच्या खोलीत मला एकदा विचारले गेले. विज्ञानाच्या शिक्षिकेने वर्गीकरणाच्या धड्यासाठी तो खण आठवडाभर वर्गात नेला, तेव्हा तो प्रश्न आपोआप मागे पडला. देवघेवीचे म्हणाल तर ६१५ आणि ६३५ या फळ्यांवरची पुस्तके पहिल्यांदाच मुलांच्या नावावर गेली. कथा-कादंबऱ्यांची मागणी होती तेवढीच राहिली, आणि त्यासाठी वेगळे काहीतरी करावे लागेल.

खण आता दाराजवळच्या टेबलावर असतो. नोव्हेंबरातल्या एका दुपारी नववीतला एक मुलगा, ज्याचे ग्रंथालयाचे कार्ड दोन वर्षे कोरे होते, मधल्या सुट्टीत एकटाच तो चाळत उभा होता. मासळीची कार्डे मी स्वतः करून ठेवली होती : इसवण – सुरमई पाहा, चणक – जिताडा पाहा, आणि त्यांच्या मागे बांगडा आणि तारली, ज्यांची नावे दोन्हीकडे सारखीच आहेत असे मी धरून चालले होते. त्याने तारलीचे कार्ड सळईवरून सोडवले आणि माझ्यासमोर धरले.

“टीचर, तारली कोण म्हणटा? तारलो.”

मी दुसरी साक्ष मागितली. तो म्हणाला, बापूय रापणीर वता (बाप रापणीच्या जाळ्यावर मासेमारीला जातो), आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून कार्ड दुरुस्त करायला बसला.