रशियन डोक्यात शिरली ती मराठीमुळे

एमबीबीएससाठी रशियातल्या काझानला निघाले तेव्हा एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं की सगळं इंग्लिश मीडियम आहे, रशियनचं टेन्शनच नाही. तिकडे टाइमटेबल हातात आलं तर अ‍ॅनाटॉमीच्या जोडीला रशियनच्या पारा, पारा म्हणजे दीड तासाचं लेक्चर, सगळे हाच शब्द वापरतात. आणि ते बरंच झालं, कारण शिकवणं इंग्लिशमध्ये असलं तरी होस्टेलच्या काकू, भाजीवाली, बसमधली माणसं आणि पुढे तिसऱ्या वर्षापासून पेशंट, सगळे रशियनच बोलणार होते.

३३ अक्षरं आठवड्यात पाठ झाली, दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्या. पण मॅडम फळ्यावर अक्षरं एकमेकांना जोडून लिहायच्या, आणि हातचं अक्षर छापील अक्षरापेक्षा पार वेगळं. त काढायचा तो इंग्लिशच्या छोट्या एमसारखा तीन पायांचा, द काढायचा जीसारखा, आणि श, त, ई एकापुढे एक आले की नुसत्या उभ्या रेघांची रांग दिसायची, शब्द कुठे सुरू होतो तेच कळेना. मग मॅडमनी दाखवलं की बरेच जण 'त'च्या वर आडवी रेघ मारतात आणि 'श'च्या खाली मारतात, म्हणजे घोळ होत नाही. मला आपली शिरोरेषाच आठवली, तेव्हापासून मी ती रेघ कधी सोडली नाही.

खरा त्रास विभक्तीचा. सहा विभक्त्या, प्रत्येकीची शेवटं वेगळी, आणि वर्गात सगळं इंग्लिशमधून समजावलं जायचं त्यामुळे तक्ता पाठ असूनही बोलताना काही आठवायचं नाही. नोव्हेंबरमध्ये एकदा वर्गात कुडकुडत होते आणि थंडी वाजतेय हे सांगायला 'या खलोदनाया' म्हणाले, मी थंड, असं. मॅडम म्हणाल्या असं नाही, 'म्न्ये खोलदना'. म्न्ये म्हणजे मला! मला थंडी वाजते, अगदी आपल्यासारखं. मग मी वही काढून भराभर लिहीत सुटले: म्न्ये न्रावित्सा, मला आवडतं. म्न्ये द्येवित्नात्सत ल्येत, मला १९ वर्षं झाली. ऊ मेन्या येस्त, माझ्याकडे आहे. शाळेत घोकलेलं स, ला, ते इतक्या लांब उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मधलं इंग्लिश काढूनच टाकलं, थेट मराठीतून रशियन.

लिंगांचंही तसंच. तिकडे ओन, अना, अनो, आपल्याकडे तो, ती, ते. माझ्या रूममेट हिंदी बोलणाऱ्या, त्यांना नपुंसकलिंग ही गोष्टच नवीन होती, मला ती कल्पना समजावून घ्यावी लागली नाही. फक्त शब्दागणिक लिंग बदलतं हे लक्षात ठेवायचं, आपली खिडकी तिकडे 'ते' होते आणि आपलं पुस्तक 'ती' होतं. चालत जाणं आणि गाडीने जाणं याला वेगवेगळी क्रियापदं आहेत, त्यात मात्र मराठी कामाला आली नाही, ती नुसती घोकली.

परीक्षा तोंडी. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवलेल्या, त्याला बिल्येत म्हणतात, एक उचलायची, थोडा वेळ तयारी आणि मग बोलायचं. मला 'स्वतःबद्दल' आलं. लातूर, आईबाबा, म्न्ये न्रावित्सा हे, म्न्ये न्रावित्सा ते, पास झाले.

तिसऱ्या वर्षी वॉर्डात एका आजींना विचारलं, 'श्तो वास बेस्पकोइत', काय त्रास होतोय. गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, 'नोयेत'. मी विचारलं, 'कोल्येत?' टोचतंय का? 'न्येत, नोयेत,' आणि त्यांनी तळहात गुडघ्यावरून हळूहळू गोल फिरवून दाखवला. माझी आजी पावसाळी हवेत असाच हात फिरवते. मी वहीत नोयेत लिहिलं आणि शेजारी लिहिलं, आतून ठणकतंय.